दावेदारांचा आपसातला व्यवहार

1860 च्या डिसेंबरात हैदराबादचा निजाम आणि इंग्रज सरकार यांच्यात एक पुरवणी तह झाला. सत्तावन्नच्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने उभा राहिला होता, त्याची ही पावती होती. धाराशिव आणि रायचूर दोआब त्याला परत मिळाले, शोरापूरचं जप्त केलेलं संस्थान मिळालं, पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. आणि त्याच्याकडून इंग्रजांनी घेतलं काय? गोदावरी आणि वैनगंगा या नद्यांच्या डाव्या काठावरचा त्याचा मुलूख: राकापल्ली, भद्राचलम, चेरला, अलबाका, नुगूर आणि सिरोंचा. तहात जिला वैनगंगा म्हटलं आहे, ती आपण आज प्राणहिता म्हणतो ती नदी. या नद्यांवरून जाणाऱ्या मालावर जकात घ्यायची नाही, हेही त्यात होतं.

म्हणजे एका पारड्यात धाराशिव, दुसऱ्यात सिरोंचा. मराठी माणसाने या व्यवहाराकडे जरा थांबून पाहावं. धाराशिवचा शेतकरी आणि सिरोंच्याचा कोया किंवा माडिया आदिवासी यांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसणार. दोघांपैकी कुणालाही विचारलं गेलं नाही, आणि विचारायला हवं होतं असं तहावर सह्या करणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यातही आलं नसेल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाची मालकी गेली अडीचशेहून अधिक वर्षं ज्या रीतीने हातोहात फिरली, तिचा हा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. या जंगलावरचा हक्क प्रत्येक वेळी आधीच्या दावेदाराकडून घेतला गेला, तिथं राहणाऱ्याकडून कधीच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, पण त्याचे परिणाम आजच्या तहसील कचेरीपर्यंत येऊन पोहोचतात.

नव्या भूमीचा शोध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र, शिडाची जहाजं आणि किनाऱ्यावर रोवलेला झेंडा येतो. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, वाट्याला तो प्रकार आला नाही. युरोपातले प्रतिस्पर्धी होते, पण ते गोदावरीच्या मुखाशी बसलेले. यानामला फ्रेंच, पालकोल्लूला डच, शेजारी मादापोलमला इंग्रज. कापड विकत घ्यायचं, जहाजात भरायचं आणि निघायचं. नदी वर कुठून येते याच्याशी त्यांना घेणं-देणं नव्हतं. नकाशाकार रेनेलने अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानचा जो नकाशा केला, त्यात नागपूर आणि पूर्व किनारा यांच्यामधला हा पट्टा फार विरळ आहे. 1795 साली कॅप्टन ब्लंट हा कंपनीचा अधिकारी गंगेकाठच्या चुनारहून निघाला आणि रतनपूर, कांकेर करत, भोसल्यांच्या मुलखातून आणि या जंगलपट्ट्यातून गोदावरीकडे उतरला. वाटेत गोंडांच्या टोळ्यांशी त्याच्या चकमकी झाल्या. त्याचं प्रवासवर्णन पुढे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. मुक्काम, अंतर, नाले, पाणी कुठे आहे, तोफा कुठून नेता येतील, असा सगळा त्याचा रोख. ज्याला आपण शोधक म्हणतो, तो बहुतेक वेळा मोजणीदार असतो, आणि मोजणीदार कुणाच्या तरी पगारावर असतो.

पण ब्लंट या जंगलात आला तेव्हा ते बेवारस नव्हतं. चांद्याचं गोंड राज्य भोसल्यांनी 1751 मध्ये खालसा केलं होतं. बल्लाळशाहाने वसवलेलं शहर, त्याचा कोट, राणी हिराईने बांधलेल्या वास्तू हे सगळं नागपूरकरांच्या हाती आलं होतं. इथे आपल्या इतिहासलेखनाची एक सवय अडचणीची ठरते. वसाहतवादाची गोष्ट सांगताना आपण स्वतःला कायम घेतलेल्यांच्या रांगेत उभं करतो. चांद्यात आपण आधी घेणाऱ्यांच्या रांगेत उभे होतो. भोसल्यांचा सुभेदार चांद्याला बसला, गोंड राजघराण्याला निवृत्तिवेतन मिळू लागलं, आणि जंगलातल्या जमीनदारांकडून टाकोळी वसूल होऊ लागली. जमीनदार म्हणजे अहेरी, अडपल्ली, घोट, मोलमपल्ली अशा ठिकाणचे गोंड प्रमुख. एकट्या अहेरी जमीनदारीचा पसारा अडीच हजार चौरस मैलांहून मोठा होता. टाकोळी ही रक्कम फार मोठी नसे. ती मान्य करणं म्हणजे वरचा कुणीतरी आहे हे मान्य करणं. त्यापलीकडे जंगलात काय चालतं, पेंदा म्हणजे फिरती शेती कोण कुठे पेरतो, मोह कुणाचा, यात नागपूर लक्ष घालत नव्हतं. घालायची त्याची ताकदही नव्हती.

ही ढिलाई उदारपणातून आली होती असं मी म्हणणार नाही. भोसल्यांची राजवट सपाटीवर काय करत होती ते सपाटीवरच्या कुणब्याला विचारावं. पण दावा आणि ताबा यांच्यात जी फट होती, तीत माणसं जगत होती. इंग्रजी अमलाचं वैशिष्ट्य हे की त्याने ही फट बुजवायला घेतली.

आता 1803 कडे या. 17 डिसेंबर 1803 ला देवगावचा तह झाला. आडगाव आणि गाविलगड इथे हरलेल्या रघूजी भोसल्याने कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. कटक कंपनीने ठेवलं, वऱ्हाड निजामाला दिलं. बरोबर तीन दिवसांनी, 20 डिसेंबरला, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला न्यू ऑर्लिन्समध्ये फ्रान्सने लुइझियाना अमेरिकेच्या हवाली केलं. दीड कोटी डॉलरला विकलेला तो मुलूख मिसिसिपीपासून रॉकी पर्वतांपर्यंत पसरलेला होता. त्यातल्या बहुतेक भागात विकणाऱ्याचा पाय कधी पडला नव्हता आणि घेणाऱ्याचाही नाही. आपण काय विकत घेतलं हे पाहायला लुइस आणि क्लार्क पुढच्या मे महिन्यात निघाले. आधी खरेदीखत, मग पाहणी.

या दोन तारखा जवळ आल्या हा योगायोग आहे. पण दोन्हीकडचा तर्क एकच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो 1823 मध्ये जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश या खटल्यात कायद्याच्या भाषेत मांडला. सरन्यायाधीश मार्शल यांच्या निकालाचा आशय असा, की शोधामुळे मिळणारा हक्क हा इतर युरोपीय सत्तांच्या विरुद्ध असतो. ज्याने आधी शोधलं त्याने मूळ रहिवाशांशी व्यवहार करावा, दुसऱ्याने त्यात पडू नये. रहिवाशांना राहण्याचा हक्क आहे, पण मालकीचा नाही. त्यातला उघड पक्षपात बाजूला ठेवून रचना पाहिली तर कळतं, की हा नियम दावेदारांनी आपसात भांडू नये म्हणून केलेला आहे. जमिनीवर राहणाऱ्याबद्दल तो जे बोलतो ते जाता जाता.

हिंदुस्थानात इंग्रजांना शोधाचा दावा करता येत नव्हता. इथे राजे होते, दफ्तरं होती, सनदा होत्या. म्हणून इथला सिद्धांत वारसाचा झाला: जिंकलं, तहात मिळालं किंवा वारस नाही म्हणून खालसा केलं. 1818 च्या मे महिन्यात कर्नल ॲडम्सने चांद्याच्या कोटाला भगदाड पाडून शहर घेतलं. काही वर्षं इंग्रजांनी कारभार पाहिला, 1830 मध्ये तो पुन्हा भोसल्यांकडे दिला. 1853 च्या डिसेंबरात तिसरा रघूजी वारस न ठेवता गेला आणि डलहौसीने नागपूर गिळलं. त्यासोबत चांदाही आला. ज्याच्याकडून घेतलं त्याचा हक्क जितका मोठा, तितका घेणाऱ्याचाही मोठा. तेव्हा भोसल्यांचा जंगलावरचा जो ढिसाळ, टाकोळीपुरता दावा होता तो इंग्रजांच्या कागदात संपूर्ण मालकीचा होऊन बसला. वारसाला बापाची मिळकत वाढवून दाखवण्यात नेहमीच रस असतो.

याला पहिला जोरदार हरकतीचा अर्ज 1858 मध्ये आला, आणि तो बंदुकीने लिहिलेला होता. मोलमपल्लीचे बाबूराव पुलेश्वर शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी माणसं जमवली. मार्चमध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला, नांदगाव-घोसरीला इंग्रजी फौजेशी गाठ पडली. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या फौजेला त्यांनी काही महिने जंगलभर नाचवलं. 29 एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडी इथल्या तळावर हल्ला झाला आणि गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. हे दोघे शिपाई नव्हते, कलेक्टर नव्हते. ते तारखात्याचे नोकर होते. बंडवाल्यांनी त्यांना गोरे म्हणून मारलं की तारवाले म्हणून, हे सांगता येणार नाही. पण त्या घटकेला प्राणहितेच्या काठावर इंग्रजी राज्य म्हणजे प्रत्यक्षात कोण होतं, तर ही तारेची माणसं. तार आली की फट बुजते.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे: बाहेरचे एका बाजूला, आतले दुसऱ्या बाजूला. पुढचा भाग ती मोडतो. बाबूरावांना पकडून दिलं ते अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी. 21 ऑक्टोबर 1858 ला बाबूरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या आवारातल्या पिंपळाशी दर वर्षी त्या तारखेला लोक जमतात. लक्ष्मीबाईंना अडपल्ली आणि घोटची सदुसष्ट गावं बक्षीस मिळाली. व्यंकटराव बस्तरच्या जंगलात निसटले. 1860 मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केलं आणि त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची झाली.

लक्ष्मीबाईंना फितूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. आपल्याकडे ते झालेलंही आहे. मला त्यात विशेष अर्थ वाटत नाही. अहेरी आणि अडपल्ली ही शेजारची घराणी होती आणि त्यांच्यात जमिनीवरून चुरस होती. इंग्रज आले तेव्हा ती चुरस थांबली नाही. तिला एक नवा लवाद मिळाला, इतकंच. राजेही दावेदार होते, गोंड असले तरी. अहेरीच्या जंगलातल्या माडियाच्या दृष्टीने अहेरीची राणी, नागपूरचे भोसले आणि चांद्याचा साहेब यांच्यात अंतर होतं, पण जातकुळी वेगळी नव्हती. म्हणून ‘मूळ मालक कोण’ असा प्रश्न विचारून राजघराण्यांच्या वंशावळी उलगडत बसणं मला निरुपयोगी वाटतं. त्या वाटेने गेलं की आपण पुन्हा दावेदारांच्याच दफ्तरात पोहोचतो.

बाबूरावांच्या फाशीनंतर सुमारे दोन वर्षांनी धाराशिव-सिरोंचाचा तो तह झाला. एवढ्या दूरच्या, तापाने माणसं मारणाऱ्या जंगलाची इंग्रजांना इतकी घाई का होती? उत्तर कापूस. हिंगणघाट आणि वऱ्हाडचा कापूस त्या वेळी बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून शेकडो मैल मुंबईला जाई. धूळ खात, भिजत, वाटेत भेसळ होत. मँचेस्टरला तो स्वच्छ आणि स्वस्त हवा होता. मद्रासकडच्या इंजिनिअरांना वाटलं की वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी एक सलग जलवाट देवाने करून ठेवलेली आहे, तीत फक्त तीन ठिकाणी खडक आडवे आले आहेत. सर आर्थर कॉटन हे या कल्पनेचे पुरोहित. कापसासाठी झटणाऱ्याचं नावच कॉटन असावं, ही गंमत त्या वेळच्या विलायती वर्तमानपत्रांनी सोडली असेल असं वाटत नाही. धवळेश्वरमचं धरण बांधून गोदावरीचा त्रिभुज प्रदेश त्यांनी सुजलाम केला होता, त्यामुळे त्यांचा शब्द खाली पडत नसे. कॅप्टन हेगने नदीची पाहणी केली. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि अहेरीच्या बाजूचं देवलमरी असे तीन अडथळे ठरले. तिथे बंधारे, कालवे आणि दरवाजे बांधून बोटी वर चढवायच्या.

1861 ते 65 या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि ही योजना एकदम साम्राज्याच्या पोटापाण्याचा विषय झाली. 1861 मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. त्याचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल या नदीच्या प्रेमातच होते. सिरोंचा ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या जिल्ह्याचं ठाणं झालं. डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड यांनी तिथून बस्तरचा मुलूख पाहून अहवाल लिहिला. त्यांच्या नावाचं ग्लासफोर्डपेठा हे गाव सिरोंचा तालुक्यात आजही आहे, आणि तिथल्या तेलुगू बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या सातबारावर ते नाव निमूटपणे छापून येतं.

याच वर्षांत, 1858 ते 64, डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत झांबेझी नदीवर वाफेची बोट घेऊन हेच करत होते. तिथेही कापूस, तिथेही नदी हा राजमार्ग, तिथेही नकाशात न दिसलेले खडक. काब्राबासाच्या धबधब्यांनी ती मोहीम मोडली. गोदावरीला खडकांपेक्षा मोठा शत्रू भेटला. 1867 मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोहोचली. हिंगणघाटचा कापूस दोन-चार दिवसांत मुंबई बंदरात उतरू लागला, तेव्हा वर्षातले काही महिनेच पाणी असणाऱ्या नदीतून तो मद्रास किनाऱ्याला कोण नेणार? 1871 मध्ये काम बंद पडलं. 1874 मध्ये अप्पर गोदावरी जिल्हाच मोडून सिरोंचा चांद्याला जोडला आणि भद्राचलम मद्रासला दिलं. पुढे 1907 मध्ये चेरला, अलबाका, नुगूर हेही मद्रासकडे गेले.

नदी हातातून गेली, पण डावा काठ राहिला. मला इथली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. ज्या कारणासाठी मुलूख घेतला ते कारण दहा वर्षांत मेलं, तरी दावा जिवंत राहिला आणि त्याने स्वतःसाठी नवी कारणं शोधली. आधी सागवान. अलापल्ली-अहेरीचं साग, वनखातं, 1865 आणि 1878 चे जंगल कायदे. मग कोळसा, वरोऱ्याची खाण आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा. मग लोखंड. जमशेटजी टाटांच्या वाचनात 1882 साली लोहाऱ्याच्या लोहखनिजाविषयीचा अहवाल आला आणि चांद्याच्या पोलादाचं स्वप्न त्यांनी वीस वर्षं बाळगलं. ते गेले त्या 1904 सालाच्या सुमारास दोराबजी टाटा, अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड आणि शापूरजी सकलातवाला बैलगाड्यांतून चांद्याची राने धुंडाळत होते. हे सकलातवाला म्हणजे पुढे ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आलेले कम्युनिस्ट. खनिज चांगलं होतं, पण हवा तसा साठा नव्हता आणि वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा नव्हता. निराश दोराबजी नागपूरच्या सचिवालयात गेले. तिथे संग्रहालयातल्या एका भूशास्त्रीय नकाशावर दुर्ग जिल्ह्याच्या अंगाला लोखंडाचा रंग दिसला आणि टाटांची पावलं तिकडे वळली. शेवटी कारखाना उभा राहिला साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. चांद्याला तेव्हा सुटल्यासारखं झालं असेल किंवा हुकल्यासारखं. दोन्ही म्हणणारे लोक चंद्रपुरात आजही भेटतात.

सुरजागडचं लोखंड मात्र राहिलं. एटापल्ली तालुक्यातल्या त्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, जानेवारीत यात्रा भरते. 2007 मध्ये राज्य सरकारने तिथल्या सुमारे 348 हेक्टरचा खाणपट्टा एका कंपनीला दिला. इलाक्यातल्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. 2016 च्या डिसेंबरात माओवाद्यांनी खनिज वाहणाऱ्या ऐंशीच्या आसपास गाड्या जाळल्या. पुढे बंदोबस्तात उत्खनन सुरू झालं आणि वाढत गेलं. माओवाद्यांबद्दल एक गोष्ट या मांडणीत सुटता कामा नये: तेही दावेदारच होते. गावाच्या वतीने बोलतो म्हणायचं, गावाकडून वसुली करायची, आणि गावाने दुसरं काही म्हटलं तर खबरी ठरवून मारायचं. दोन सशस्त्र दावेदारांच्या मध्ये सापडलेल्या गावाला ठराव करण्याचीही जागा फार थोडी उरते.

यावर एक वजनदार आक्षेप येतो, आणि तो चंद्रपूरच्या सुशिक्षित वर्गाच्या तोंडी नेहमी असतो. इंग्रज आले नसते तर नोंदी झाल्या नसत्या, नोंदी नसत्या तर आज हक्क कशाच्या जोरावर मागितले असते? ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याचा 1869 चा चांदा जमाबंदी अहवाल उघडून पाहा. गावं, जमिनी, जमीनदाऱ्या, तलाव, कोहळी लोकांची पाणी वाटण्याची रीत, जाती-जमाती, सगळं त्यात आहे. हिस्लॉप या नागपूरच्या मिशनऱ्याने गोंडांची माहिती जमवली, ती तो वारल्यावर टेंपलने 1866 मध्ये छापली. गोंडांविषयी आपण मराठीत त्या काळात काय लिहिलं होतं?

आक्षेप खरा आहे आणि टोचणाराही आहे. पण नोंद करणारा आणि नोंद वापरणारा यांच्यामध्ये जो वेळ जातो, त्यात काय होतं तेही पाहायला हवं. इंग्रजांच्या नोंदीत गावाच्या जंगलवापराला ‘निस्तार’ म्हटलं गेलं: जळण, चराई, बांबू, इमारती लाकूड घेण्याची मुभा. मुभा देणारा मालक असतो, घेणारा नसतो, हे त्या कागदाने ठरवून टाकलं. 1951 मध्ये मध्य प्रदेशात जमीनदाऱ्या संपल्या. अहेरीसकट सगळी खाजगी जंगलं सरकारात जमा झाली. स्वतंत्र देशाचं सरकार, लोकांनी निवडलेलं. तरीही हक्क आला तो जमीनदाराकडून सरकारकडे. 1956 मध्ये चांदा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्रात, आणि प्रत्येक वेळी दफ्तराचे गठ्ठे एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत गेले. धाराशिव-सिरोंचाचा व्यवहार आणि हा व्यवहार यांच्यात नैतिक फरक जमीन-अस्मानाचा आहे, मान्य. कागदाची वाट मात्र तीच आहे.

दावेदारांची ही चढाओढ इतिहासजमा झाली असं वाटत असेल तर जिवती तालुक्याच्या टोकाला जाऊन यावं. वर्धेच्या पलीकडचा राजुऱ्याचा भाग 1948 पर्यंत निजामाचा होता. 1956 मध्ये तो नांदेडला जोडला, 1959 मध्ये चांद्याला. जोडताना सीमेवरच्या चौदा गावांचा घोळ झाला, आणि मुकदमगुडा, परमडोली, महाराजगुडा, अंतापूर ही त्यातली गावं आज महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही आपली म्हणतात. एका गावात दोन सरकारच्या शाळा, दोन ग्रामपंचायती, एका घरात दोन रेशनकार्डं, आणि निवडणुकीत बोटाला दोनदा शाई. इथली बरीच कुटुंबं मराठवाड्यातून पोट भरायला आलेली. शहरातून गेलेला पत्रकार या गोष्टीकडे गंमत म्हणून पाहतो आणि ‘दोन्हीकडचा फायदा’ असं लिहून परततो. शेतकऱ्याला काय हवंय? जमिनीचा पट्टा. दोन सरकारं धान्य देतात, दोन सरकारं मत घेतात. पण ज्या जमिनीवर तो राबतो ती महाराष्ट्राच्या कागदात जंगल असेल तर तेलंगणाच्या कागदाने त्याचं पीककर्ज होत नाही. जुन्या संस्थानी सीमेवर कर्जदार आणि बंडखोर नदी ओलांडून सुटत असत. दावेदार दोन असले की मधल्या माणसाला थोडी मोकळीक मिळते हे खरं, व्यंकटरावांनाही बस्तरने दोन वर्षं दिली. पण ती मोकळीक जोवर दोन्ही दावेदारांना परवडते तोवरच.

पाण्याचंही तसंच. प्राणहिता गोदावरीला मिळते त्याच्या खाली मेडिगड्डाचा बंधारा 2016 मधल्या दोन राज्यांच्या करारानंतर उभा राहिला, 2019 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. हेगच्या पाहणीनंतर दीडशे वर्षांनी त्याच नदीला पुन्हा आडवी भिंत, पुन्हा वरच्या दोन सत्तांमधला करार. पाणी तेलंगणाच्या शेतीला. फुगवट्याची आणि पुराची तक्रार सिरोंच्याच्या शेतकऱ्यांची, ती पोहोचायची नागपूर-मुंबईमार्गे हैदराबादला. 2023 च्या ऑक्टोबरात बंधाऱ्याचे खांब खचले तेव्हा देशभर चर्चा झाली ती खर्चाची आणि भ्रष्टाचाराची. सिरोंचा त्या चर्चेत तळटीप होता.

या सगळ्यात 2006 चा वनहक्क कायदा कुठे बसतो? मला तो या साखळीतला पहिला खराखुरा खंड वाटतो. त्यात हक्क कुणाकडून मिळत नाही. तो होताच, तो फक्त मान्य करायचा आहे, असं कायद्याचं म्हणणं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि त्यानंतर गडचिरोलीत हजारावर ग्रामसभांना तसे हक्क मिळाले. तेंदूपत्त्याचा लिलाव गावं स्वतः करू लागली. दावा कशाने सिद्ध करायचा याची यादी नियमांत दिली आहे. तीत गॅझेटिअर आहेत, जमाबंदी अहवाल आहेत, नकाशे आहेत, वनखात्याचे कार्य-आराखडे आहेत. म्हणजे साहेबाने आपला दावा पक्का करायला केलेली मोजणी आता गावाच्या बाजूने उभी करता येते. आणि त्याच यादीत, त्याच पायरीवर, गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आणि लिहून घेतलेलं निवेदन आहे. दावा करणारा सोडून दुसऱ्या जाणत्या माणसाचं.

तालुक्याच्या ठिकाणी बसणारा कारकून मात्र अजून पहिल्या कागदांना हात घालतो, दुसरा कागद बाजूला ठेवतो. जंगलजमीन कसणाऱ्या ज्या जबरानजोतवाल्यांचे दावे नामंजूर झाले त्यांच्या पत्रांवर ‘पुरावा अपुरा’ हा शेरा किती सर्रास दिसतो ते या भागात काम करणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. आणि इथे सगळ्यात जास्त अडतो तो बिगर-आदिवासी: ढिवर, दलित, छोटा कुणबी, जो पिढ्यान्‌पिढ्या त्याच गावात आदिवासींशेजारी राहिला. त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे 2005 च्या आधी पंचाहत्तर वर्षांचा, 1930 पासूनचा रहिवास दाखवायचा आहे. 1930 मध्ये अहेरी जमीनदारीतल्या एखाद्या टोल्यावर राहणाऱ्या ढिवराला असा कागद देण्याचं काम कुणाचं होतं? सरकार म्हणे जमीनदारीचा मामला, जमीनदार म्हणे आम्ही टाकोळी भरतो, माणसं मोजत नाही. ज्या राजवटीकडून आजच्या शासनाने जंगलाचा हक्क वारशात घेतला, तिने हा कागद केला नाही. वारशात मिळकत आली असेल तर तिच्यासोबत ही उणीवही आली, आणि ती भरून काढायची जबाबदारी दावा करणाऱ्या ढिवराची नाही, वारसाची आहे. तोवर म्हाताऱ्याचं निवेदन हा पुरावा म्हणून पुरेसा धरायला कायद्याची कुठलीही हरकत नाही, ते कायद्यातच लिहिलेलं आहे.